डोंगर उभा राहण्याआधी तिथे काय होतं?

पीएचडीच्या मुलाखतीत स्ट्रक्चरल जिऑलॉजीवाल्यांना हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘हिमालय कसा तयार झाला?’ उत्तर सगळ्यांना पाठ असतं. भारतीय प्लेट उत्तरेकडे सरकली, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी युरेशियाला धडकली, मधल्या टेथिस समुद्राचा गाळ चुरगळला, डोंगर वर आले. इथवर सगळं छान चालतं. मग पुढचा प्रश्न येतो. ‘बरं, मग हिमालय सगळीकडे सारखाच का नाही?’ आणि खोलीत शांतता पसरते.

मीसुद्धा त्या शांततेत बसलेली आहे. म्हणून ही पोस्ट.

प्रश्न नीट समजून घ्यायचा तर लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडा आणि इस्लामाबाद शोधा. शहराच्या उत्तरेला मरगल्लाच्या टेकड्या दिसतील. तिथून दक्षिणेकडे सरकत जा. जवळजवळ 100 किलोमीटर तुम्हाला पोटवारचं पठार दिसत राहील. ओढ्यांनी चिरलेलं, पण एकूणात सपाट. आणि मग एकदम, मैदानाच्या काठावर, सॉल्ट रेंजचा कडा. त्याच्या पायथ्याशी पंजाबचं मैदान सुरू. म्हणजे डोंगररांगेचा पुढचा काठ डोंगरांपासून 100 किलोमीटर पुढे जाऊन बसलाय आणि मधला सगळा भाग जणू डोंगर व्हायचं विसरून गेलाय. आता नेपाळकडे या. तिथे लघु हिमालयाच्या पायथ्यापासून मैदानापर्यंतचं अंतर बऱ्याच ठिकाणी 50 किलोमीटरपेक्षाही कमी आहे, आणि मधल्या शिवालिक टेकड्या एकमेकींवर दाटीवाटीने चढलेल्या.

ढकलणारी प्लेट तीच. समोरची प्लेटही तीच. मग फरक आला कुठून?

याचं उत्तर म्हणजे आजचा विषय. टक्कर सुरू झाली तेव्हा भारताच्या उत्तर काठावरची जमीन कोरी पाटी नव्हती. कुठे मीठ साचलं होतं, कुठे जुनी डोंगररांग झिजून गाळाखाली गाडली गेली होती, कुठे कवचात आधीच भेगा होत्या. नव्या डोंगराला हे सगळं वडिलोपार्जित मिळालं. याला आमच्या विषयात ‘स्ट्रक्चरल इनहेरिटन्स’ म्हणतात. मी खाली सरळ ‘वारसा’ म्हणणार आहे.

(एक छोटं विषयांतर. आपल्यापैकी जे महाराष्ट्रात शिकले त्यांच्यासाठी डोंगर म्हणजे सह्याद्री, आणि सह्याद्रीत थर आडवेच असतात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ जसेच्या तसे. तो घडीचा पर्वत नाहीच, झिजून उरलेला कडा आहे. त्यामुळे पहिल्या हिमालयन फील्डला उभे थर बघून भांबावला असाल तर लाजू नका. माझी अर्धी वही तेव्हा प्रश्नचिन्हांनी भरली होती.)

उपवासाचं मीठ आणि सपाट पठार

घरी उपवासाला जे सैंधव किंवा शेंदेलोण वापरतात, आणि हल्ली सुपरमार्केटमध्ये ‘हिमालयन पिंक सॉल्ट’ म्हणून महागात मिळतं, त्या गुलाबी मिठाची सगळ्यात प्रसिद्ध खाण म्हणजे खेवडा. ती याच सॉल्ट रेंजमध्ये आहे. हे मीठ हिमालयापेक्षा कितीतरी जुनं. कँब्रियन कालखंड सुरू होण्याच्या आसपास, म्हणजे अंदाजे 54–55 कोटी वर्षांपूर्वी, तिथे उथळ समुद्र आटत होता आणि मीठ साचत होतं. त्यावर पुढे वाळू, चुनखडी, शेल आणि शेवटी हिमालयातून आलेला गाळ असे किलोमीटरच्या किलोमीटर थर बसले. मीठ मात्र तळाशी, जुन्या स्फटिकी खडकांच्या पायावर, तसंच पडून राहिलं.

आता मिठाचा स्वभाव पाहा. बाकीचे खडक कवचाच्या वरच्या काही किलोमीटरात तुटतात, घासतात. मीठ तेवढ्याच खोलीवर वाहतं. भूशास्त्रीय काळाच्या हिशेबाने ते घट्ट काकवीसारखं वागतं. त्यामुळे वरून दाब असला तरी आडवं सरकायला ते फारसा विरोध करत नाही. ज्या थरावर वरचे खडक खालच्यापासून सुटतात त्याला ‘डिटॅचमेंट’ म्हणतात. मिठासारखा डिटॅचमेंट दुसरा नाही.

तळ घसरडा असला की डोंगर सपाट का होतो? यासाठी एक साधं चित्र डोळ्यांसमोर आणा. बांधकामाच्या जागी फरशीवर पडलेली वाळू फळीने ढकला. फळीपुढे वाळूचा उतरता ढीग तयार होतो, म्हणजे बाजूने पाहिलं तर पाचर. ही पाचर उगाच कुठल्याही कोनात उभी राहत नाही. फरशी खरखरीत असेल तर तळाशी घर्षण जास्त, मग सगळा ढीग पुढे सरकवायला त्याला आधी उंच व्हावं लागतं. उंची वाढते, उतार वाढतो, आणि पुरेसा उतार झाला की मगच ढीग पुढे घसरतो. फरशी गुळगुळीत असेल तर? कमी उतारातच भागतं. ढीग बुटका राहतो आणि लांबवर पसरतो.

डेव्हिस, सप्पे आणि डाहलेन या तिघांनी 1983 मध्ये हीच गोष्ट गणितात मांडली. त्याला ‘क्रिटिकल टेपर’ म्हणतात. पाचरीचा वरचा उतार अधिक तळाचा उतार मिळून एक ठरावीक कोन लागतो, आणि तो कोन तळाचं घर्षण, खडकाची ताकद आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब यांवर ठरतो. त्यांचं गाजलेलं उदाहरण तैवानचं होतं. तिथे वरचा उतार 3 अंशांच्या आसपास आणि तळाचा सुमारे 6. पोटवारमध्ये वरचा सरासरी उतार एका अंशापेक्षाही कमी आहे. तळाच्या मिठाने उतार चढवायची गरजच ठेवली नाही.

इथे विद्यार्थी एक गोष्ट हमखास विसरतात, म्हणून थांबून सांगते. कमकुवत तळाचा परिणाम फक्त रुंदीवर होत नाही. तळाशी घर्षण जास्त असेल तर पाचरीतली सगळ्यात मोठ्या दाबाची दिशा पुढच्या बाजूला खाली झुकते, आणि पुढे सरकणारे थ्रस्ट फॉल्ट मागे सरकणाऱ्यांपेक्षा सोपे पडतात. म्हणून घड्या एकाच दिशेला कललेल्या दिसतात. तळाशी मीठ असेल तर ती दिशा जवळजवळ तळाला समांतर राहते. मग पुढचा आणि मागचा, दोन्ही बाजूंचे फॉल्ट सारखेच सोपे. घड्या कधी या कुशीवर, कधी त्या. पूर्व पोटवारच्या नकाशात हे दिसतं. फील्डमध्ये घड्यांच्या कलाला ठाम दिशा सापडत नसेल तर चिडण्याआधी खाली काय असेल याचा विचार करा. तो गोंधळ म्हणजेच डेटा असू शकतो.

पण मीठ असतं तर डोंगराचा काठ आणखी पुढे का गेला नाही? सॉल्ट रेंजचा कडा नेमका तिथेच का? हा भाग मला सगळ्यात आवडतो. 1980 च्या दशकात तेलाच्या शोधासाठी केलेल्या सिस्मिक रेषा अमेरिकी आणि पाकिस्तानी संशोधकांनी अभ्यासल्या. त्यांना सॉल्ट रेंजच्या उत्तर काठाखाली, मिठाच्याही खालच्या पायाच्या खडकात, एक नॉर्मल फॉल्ट दिसला. उत्तरेची बाजू जवळजवळ एक किलोमीटर खाली गेलेली. म्हणजे उत्तरेकडून मिठावर घसरत येणाऱ्या थरांसमोर एक पायरी उभी. तिथे ते अडले, मग पायरीवर चढले, आणि चढल्यावर पुढच्या मैदानाच्या गाळावर कित्येक किलोमीटर स्वार झाले. कडा त्या पायरीच्या वर उभा आहे.

म्हणजे एकाच ठिकाणी दोन वारसे. मिठाने पसरायला मदत केली, पायरीने कुठे उठायचं ते ठरवलं. आणि दोन्हींचं वय सारखं नाही. मीठ 50 कोटी वर्षांहून जुनं. पायरीबद्दल प्रचलित मत असं की भारतीय प्लेट हिमालयाच्या वजनाने वाकताना तिच्या वरच्या पृष्ठावर जो ताण पडला, त्यातून ती आली. म्हणजे डोंगर बनायला लागल्यानंतरची. वारसा म्हटला की आपण आपोआप ‘फार फार जुनं’ असं धरतो. ते खरं नाही. थर तिथे पोचायच्या आधी ती पायरी तिथे होती, एवढंच पुरेसं आहे.

मिठाचे असे नमुने इतरत्रही आहेत. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरचा जुरा पर्वत आल्प्सपासून वेगळा, मधल्या गाळाच्या मैदानापलीकडे उभा आहे. ते मैदान फारसं न चुरगळता जुरापर्यंत धक्का पोचला, कारण ट्रायासिक काळातले मीठ आणि जिप्समचे थर तळाशी होते. इराणच्या झाग्रोसमध्ये तर होर्मुझचं मीठ थर फोडून वर आलंय आणि उपग्रहाच्या चित्रात डोंगरांच्या कुशीत काळपट डागांसारखं दिसतं.

‘जुना फॉल्ट पुन्हा हलतो’ इतकं सोपं नसतं

आता फॉल्टकडे वळू. माझ्या अनुभवात एमएस्सीपर्यंतची सगळ्यात पक्की चुकीची समजूत ही, की जुनी भेग म्हणजे कमकुवत जागा, आणि दाब आला की ती आपोआप हलणार. मीही असंच लिहायचे.

हिशेब करून बघा. रिफ्टच्या काळात, म्हणजे कवच ताणलं जात असताना, सगळ्यात मोठा दाब उभा असतो, खडकांच्या वजनाचा. नॉर्मल फॉल्ट त्या दिशेशी साधारण 30 अंश करून फुटतो, म्हणजे जमिनीशी साधारण 60 अंश. आता कोट्यवधी वर्षांनी टक्कर झाली. मोठा दाब आडवा झाला. आपला जुना फॉल्ट अजूनही 60 अंशांत उभा. म्हणजे नव्या दाबाच्या दिशेशी त्याचा कोन 60 अंश झाला.

घर्षणाचा गुणांक 0.6 धरा, जो बऱ्याच खडकांना चालतो. मग फॉल्ट हलायला सगळ्यात सोयीचा कोन येतो सुमारे 29.5 अंश, आणि सुमारे 59 अंशांवर तो ‘लॉक’ होतो. म्हणजे कितीही ढकला, घर्षणच इतकं वाढतं की सरकणं होत नाही. आपला फॉल्ट बरोबर त्या उंबरठ्यावर उभा! तो हलवायचा तर भेगेतल्या पाण्याचा दाब वरच्या खडकांच्या वजनापेक्षाही जास्त व्हायला हवा, नाहीतर भेगेत साधारण खडकापेक्षा खूप घसरडी माती भरलेली हवी. रिचर्ड सिब्सन यांनी 1980 च्या दशकात हा हिशेब मांडला. कागदावर एकदा स्वतः मोहर वर्तुळ काढून तो करा. मुलाखतीत कामाला येतोच, शिवाय पुढची पाच वर्षं ‘रीऍक्टिव्हेशन’ हा शब्द लिहिताना हात थोडा थबकेल.

मग जुने नॉर्मल फॉल्ट उलटे फिरतात ते कसे? कारण अनेक फॉल्ट खोलवर जाताना वाकून आडवे होतात. खालचा आडवा भाग सहज सरकतो, वरचा उभा भाग अडतो. मग खडक शहाणपणा करतात आणि उभ्या भागाला वळसा घालून समोरच्या बाजूतून नवा, कमी उताराचा फॉल्ट फोडतात. त्याला ‘शॉर्टकट’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. कधी दाब फॉल्टला काटकोनात नसून तिरका असतो, तेव्हा उभा फॉल्टही आडवा-तिरका सरकू शकतो. आणि कधी फॉल्ट अजिबात हलत नाही, तो फक्त भिंत बनतो. त्याच्यापुढचा बेसिनमधला मऊ गाळ भिंतीवर दाबला जाऊन चुरगळतो. नकाशावर पाहिलं तर वाटतं, फॉल्टजवळ विरूपण आहे म्हणजे फॉल्ट हलला. प्रत्यक्षात तो जागचा हललेलाच नसतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला अँडीजमध्ये दिसतं. दक्षिण बोलिव्हियात अँडीजच्या पूर्व पायथ्याशी लांबलचक समांतर घड्यांची रांग आहे. तिथे पॅलिओझोइक काळातल्या गाळाची जाड पाचर होती, त्यात शेलचे थर होते, म्हणून वरचे थर सुटून पातळ चादरीसारखे घडी झाले. दक्षिणेकडे अर्जेंटिनात शिरलं की ती जाड पाचर संपत जाते. तिच्या जागी असतं साल्टा रिफ्ट, क्रिटेशियस काळातलं ताणाचं बेसिन, नॉर्मल फॉल्टनी भरलेलं. आणि डोंगराची शैलीच बदलते. सांता बार्बरा भागात पातळ चादरी नाहीत. जुन्या फॉल्टवर स्वार झालेले जाड ठोकळे आहेत, आणि तेही आजूबाजूच्या पट्ट्यापेक्षा उलट्या, पश्चिम दिशेला कललेले. ऑलमेंडिंगर आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हा संबंध दाखवला. एकच डोंगररांग, एकाच काळातला धक्का, आणि जुन्या बेसिनची सीमा ओलांडली की दुसरं घराणं.

या उदाहरणाचं बळ कशात आहे बघा. इथे जुनी परिस्थिती डोंगराशिवायही कळते. पॅलिओझोइक गाळ किती जाड होता आणि रिफ्टचे फॉल्ट कुठे होते हे थरांच्या जाडीवरून, विहिरींवरून, सिस्मिकवरून वेगळं मोजलंय. डोंगराचा आकार पाहून मागाहून ‘खाली काहीतरी असणार’ असं म्हटलेलं नाही.

माझा नकाशा, आणि तो का फसला

आता थोडं कटू. दिल्लीत राहिलेल्यांना ‘रिज’ माहीत असतो, शहरातला तो जंगलाचा खडकाळ कणा. तो अरवलीचं शेपूट. अरवली-दिल्ली पट्टा तिथे संपत नाही, गंगेच्या गाळाखाली शिरून हरिद्वारच्या दिशेने जातो. गुरुत्वाकर्षणाच्या मापनात तो दिसतो. त्याला दिल्ली-हरिद्वार रिज म्हणतात. पूर्वेला असेच आणखी दोन गाडले गेलेले उंचवटे आहेत, फैजाबाद रिज आणि मुंगेर-सहरसा रिज. तिन्ही हिमालयाला आडवे जातात. के. एस. वल्दिया यांनी 1976 मध्येच लक्ष वेधलं होतं की हिमालयातले आडवे फॉल्ट आणि घड्या मैदानाखालच्या या रचनांना समांतर दिसतात. भारतीय प्लेट हिमालयाखाली सरकते तेव्हा हे उंचवटेही सोबत खाली जातात. गाद्यांच्या थप्पीखाली बॅट सरकवावी तसं.

दुसऱ्या वर्षात मी यावर काम सुरू केलं. हिमालयाच्या पुढच्या काठाचा नकाशा घेतला, त्यावरची पुढे आलेली आणि मागे गेलेली वळणं खुणावली, उंचवट्यांच्या रेषा उत्तरेकडे वाढवल्या, आणि पाहिलं. जुळलं! आकृती सुंदर झाली. रंग निवडण्यात मी दोन दिवस घालवले. कॉन्फरन्सचा ॲबस्ट्रॅक्ट लिहून झाला.

गाईडनी आकृती पाहिली आणि एकच गोष्ट सांगितली. ‘या रेषा उचल आणि 100 किलोमीटर पूर्वेला ठेव. मग पश्चिमेला. प्रत्येक वेळी तितक्याच मोकळ्या मनाने बघ, जुळतंय का.’

त्या संध्याकाळी मी ते केलं. जुळत होतं. पुन्हा पुन्हा, कुठे ना कुठे. रिज काही पेन्सिलची रेघ नाही, तो दहा-दहा किलोमीटर रुंद असतो आणि त्याची कड धूसर असते. हिमालयाच्या काठाला लहानमोठी खूप वळणं आहेत. रेषा मैदानातून डोंगरात वाढवताना थोडं इकडे, थोडं तिकडे करायला जागा असते. शिवाय मी ‘पुढे आलेलं वळण’ही रिजमुळे म्हणत होते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मागे गेलेलं वळण’ही रिजमुळेच. दोन्ही चालत असतील तर चुकणार कधी? ॲबस्ट्रॅक्ट मागे घेतला. सहा महिन्यांचं काम होतं. त्या रात्री मेसमध्ये जेवायला गेले नाही.

रिजचा परिणाम नाही असं यातून सिद्ध होत नाही, हे लक्षात घ्या. एवढंच सिद्ध होतं की माझी आकृती तो परिणाम दाखवू शकत नव्हती. तेव्हापासून कुणाच्याही पेपरमध्ये ‘वारसा’ वाचला की मी विचारते, यांचं म्हणणं खोटं असतं तर नकाशावर काय वेगळं दिसलं असतं? उत्तर मिळत नसेल तर आकृती कितीही देखणी असो, मी पुढे सरकते. उत्तर सहसा काळाच्या क्रमात मिळतं. उदाहरणार्थ, रिजवरून जाताना गाळाचे थर पातळ होत असतील तर रिज त्या गाळाच्या आधीचा किंवा सोबतचा. थर एकसारख्या जाडीचे असून नंतर वाकले असतील तर ‘उंचवटा’ डोंगर बनतानाच झाला असेल, आणि मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता याचीच अदलाबदल होते.

हा प्रश्न फक्त परीक्षेचा नाही. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये गोरखा भूकंप झाला, तीव्रता 7.8. फॉल्टचं फुटणं काठमांडूच्या वायव्येला सुरू झालं, पूर्वेकडे सुमारे 140 किलोमीटर धावलं आणि थांबलं. दक्षिणेकडे जमिनीच्या पृष्ठापर्यंत ते आलंच नाही. 12 मे ला पूर्वेच्या टोकाजवळ 7.3 चा दुसरा धक्का बसला. याउलट 1934 च्या बिहार-नेपाळ भूकंपात फुटणं पृष्ठापर्यंत पोचल्याचे पुरावे खंदक खणून सापडलेत. फुटणं कुठे थांबतं हे कोण ठरवतं? जुडिथ हबर्ड आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की गोरखाच्या फुटण्याच्या सीमा मुख्य फॉल्टच्या आकाराशी, म्हणजे तो कुठे आडवा आहे आणि कुठे उतारावर चढतो याच्याशी, जुळतात. काही संशोधक म्हणतात की गाडलेल्या रिज भूकंपांना अडवतात आणि हिमालयाचे तुकडे पाडतात. तसं असेल तर पुढच्या मोठ्या भूकंपाच्या लांबीला मर्यादा असेल. नसेल तर दोन-तीन तुकडे एका दमात फुटू शकतील. गंगेच्या मैदानातल्या शहरांसाठी या दोन्हींत केवढा फरक आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच नुसत्या जुळणाऱ्या आकृतीवर ‘इथे भूकंप अडेल’ असं लिहायला मला आता भीती वाटते. आपल्याकडे मोठ्या भूकंपांची नीट नोंद काही शतकांची. प्रत्येक तुकड्यावर त्यातले एखाददुसरेच.

वाळूची पेटी

तर मग मी काय करते? काचेच्या भिंतींच्या पेटीत वाळू ढकलते. हसू नका, ही जुनी परंपरा आहे. एडिंबराच्या सर जेम्स हॉल यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला कापडाचे थर दोन बाजूंनी दाबून घड्या कशा होतात ते दाखवलं होतं.

कोरडी वाळू वरच्या कवचाच्या ठिसूळ खडकासारखी वागते. मिठाच्या जागी सिलिकॉनची पुट्टी घालायची, खेळण्यातल्या उसळत्या पुट्टीसारखी. सेंटिमीटरला किलोमीटर असं काहीसं प्रमाण धरायचं. पेटीतला एक सेंटिमीटर उंचवटा म्हणजे गाडलेला रिज. मोटर हळूहळू भिंत पुढे सरकवते, दर काही मिनिटांनी वरून फोटो, आणि शेवटी पाणी शिंपडून वाळू ओली करायची व केक कापावा तसे काप काढायचे.

पेटीचा खरा उपयोग म्हणजे रिज काढून टाकता येतो. हिमालयात ते करता येत नाही. तीच वाळू, तोच वेग, उंचवटा नाही. मग तोच प्रयोग पुन्हा, कारण दोन सारख्या प्रयोगांतही घड्या थोड्या वेगळ्या जागी येतात. ही आपोआप येणारी तफावत किती आहे ते कळल्याशिवाय ‘उंचवट्यामुळे वळण आलं’ म्हणता येत नाही. माझ्या पहिल्या चार पेट्यांत रिज होता आणि चारही वेळा काठाला वळण आलं. खूश झाले. मग रिज नसलेली पेटी चालवली. वळण आलं! काचेच्या भिंतीशी वाळू घासत होती, त्यामुळे कडेची वाळू मागे राहत होती आणि काठ आपोआप वाकत होता. आता पेटी रुंद केली आहे आणि कडेच्या पट्ट्या मोजमापातून वगळते. वाळू ओतायची की चाळणीने भुरभुरायची यानेही निकाल बदलतो, कारण भुरभुरलेली वाळू जास्त घट्ट बसते आणि तिची ताकद वेगळी असते. पद्धत लिहिताना हे एक वाक्य राहिलं तर दुसऱ्या कुणालाही तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

सध्या पेटीत तिरकी रिज आहे, डोंगराला काटकोनात नसलेली. तिरकी असेल तर प्लेट पुढे सरकते तसा रिज आणि काठ यांचा छेदबिंदू बाजूला सरकत जायला हवा. म्हणजे वळणही एका जागी न राहता काठाने प्रवास करेल आणि मागे आपल्या पाऊलखुणा सोडेल. तशा खुणा मिळाल्या तर नुसत्या जुळणीपेक्षा जास्त काहीतरी हातात येईल. न मिळाल्या तर ते लिहावं लागेल. आजपर्यंत तीन पेट्या झाल्या, दोनमध्ये वळण सरकलं, तिसरी मध्येच मोटर अडकल्याने वाया गेली. भिंतीच्या घर्षणाचे फोटो आणि ते दुरुस्त करायची पद्धत पुढच्या पोस्टमध्ये टाकते, तोवर मोहर वर्तुळ काढून ठेवा आणि 59 अंश येतात का ते कळवा.